लघवीतून प्रथिने जात आहेत: कारण शोधणाऱ्या तपासण्यांची माहिती

सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळपर्यंत तीच पायांवर उतरलेली, मोजे काढले की घोट्यावर वळ, आणि लघवीला लवकर न विरणारा फेस. अशा तक्रारींवर डॉक्टरांनी ‘नेफ्रॉटिक सिंड्रोम’ असे लिहून दिले असेल, तर ते एखाद्या आजाराचे नाव नाही. मूत्रपिंडाची गाळणी गळते आहे, एवढेच त्यातून कळते. प्रौढांमध्ये दिवसाला ३.५ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने लघवीवाटे जातात आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घसरते. गाळणी का गळते याची कारणे बरीच आहेत आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. कारण शोधायला उपयोगी पडणाऱ्या रक्तातल्या व लघवीतल्या खुणांना बायोमार्कर म्हणतात.

अँटी-पीएलए२आर

प्रौढांसाठी आज सर्वांत भरवशाची तपासणी हीच. गाळणीच्या पेशींवर पीएलए२आर नावाचे प्रथिन असते. शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी (प्रतिपिंड) तयार करू लागले की मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हा गाळणीचा पडदा जाड होण्याचा आजार होतो. २००९ साली हा संबंध उघड झाला. दुसऱ्या कोणत्या रोगामुळे न झालेल्या मेम्ब्रेनसच्या सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत ही अँटिबॉडी सापडते.

अँटिबॉडी मोजण्याच्या प्रचलित एलायझा किटमध्ये १४ युनिटच्या खाली निगेटिव्ह, १४ ते २० सीमारेषेवर आणि २० किंवा त्याहून जास्त असल्यास पॉझिटिव्ह धरतात. सीमारेषेवरचा आकडा आला तर इम्युनोफ्लुरोसन्स या दुसऱ्या पद्धतीने पडताळणी करून घ्यावी. नुसत्या त्या आकड्यावर औषध सुरू होऊ नये. रिपोर्ट स्पष्ट पॉझिटिव्ह असेल, मूत्रपिंडाचे काम व्यवस्थित असेल आणि दुसऱ्या कारणाची शंका नसेल, तर बायॉप्सी (मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणे) टाळता येऊ शकते. तो निर्णय नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञाचा.

निगेटिव्ह रिपोर्टमुळे मेम्ब्रेनस नाही असे ठरत नाही, आणि इथेच सर्वाधिक गैरसमज होतो. आजाराच्या सुरुवातीला तयार झालेली अँटिबॉडी गाळणीतच अडकून बसते आणि रक्तात दिसत नाही. स्टेरॉइड किंवा रिटुक्सिमॅब (रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे) आधीच सुरू असेल तरी पातळी खाली येते. काहींत अँटिबॉडीचे लक्ष्यच वेगळे प्रथिन असते, जसे टीएचएसडी७ए किंवा एनईएलएल-१. या दोन्हींत, विशेषतः एनईएलएल-१ मध्ये, डॉक्टर कर्करोगाची शक्यताही तपासून पाहतात. म्हणून आमची कळकळीची विनंती: औषधाचा पहिला डोस घेण्यापूर्वी रक्त द्या. ती संधी पुन्हा मिळत नाही.

इतर खुणा

नेफ्रिन या गाळणीतल्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी मिनिमल चेंज (साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गाळणी जवळपास निरोगी दिसते असा) आजाराच्या बऱ्याच रुग्णांत, विशेषतः आजार जोरात असताना, आढळते. शोध महत्त्वाचा आहे, पण मोजण्याच्या पद्धती अजून एकसारख्या नाहीत. त्यामुळे आज ती बायॉप्सीची जागा घेत नाही. एसयूपीएआर ही रक्ततपासणी एफएसजीएस (गाळण्यांच्या काही भागांत व्रण पडण्याचा आजार) ओळखण्यासाठी आम्ही सुचवत नाही. जंतुसंसर्गात आणि मूत्रपिंडाचे काम मंदावले तरी तिचा आकडा वाढतो.

लहान मुलांचा मार्ग वेगळा. १ ते १२ वर्षांच्या मुलांना बहुधा बायॉप्सीशिवाय स्टेरॉइड देतात. त्याला दाद मिळाली नाही, किंवा आजार पहिल्या वर्षातच सुरू झाला, तर एनपीएचएस१, एनपीएचएस२, डब्ल्यूटी१ अशा जनुकांची तपासणी मोलाची ठरते. तिच्यासाठी रक्त जांभळ्या टोपीच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घेतात.

नमुना देताना

अँटी-पीएलए२आरसाठी साध्या ट्यूबमध्ये ३ ते ५ मिली रक्त पुरते. उपाशीपोटी येणे सक्तीचे नाही, तरी बरे. या आजारात रक्तातली चरबी वाढलेली असते, सीरम दुधाळ होते आणि काही तपासण्यांच्या मोजणीत अडथळा येतो. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही किटचे आकडे त्याने चुकतात.

चोवीस तासांच्या लघवीत सर्वांत जास्त चुका होतात. समजा सकाळी ७ वाजता सुरुवात केली. तेव्हाची लघवी संडासात सोडून द्या आणि वेळ लिहून ठेवा. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी ७ वाजताची लघवी धरून. शौचाच्या वेळची लघवी हमखास निसटते, म्हणून आधी लघवी करून मग शौचाला बसा. कॅन थंड जागी ठेवा. पाळी, ताप किंवा लघवीचा संसर्ग असेल तर डॉक्टरांना विचारून तारीख पुढे ढकला.

संकलन पूर्ण झाले का, हे क्रिएटिनिनवरून ताडता येते. ७० किलोच्या तरुण पुरुषाच्या दिवसभराच्या लघवीत साधारण १४०० ते १७५० मिलिग्रॅम क्रिएटिनिन असावे. ७०० आले तर निम्मी लघवी बाहेर गेली असावी, आणि रिपोर्टवरचे २ ग्रॅम प्रथिन प्रत्यक्षात ४ असू शकते. कॅन जमत नसेल तर सकाळच्या पहिल्या लघवीतले प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करा.

अल्ब्युमिन मोजण्याच्या बीसीजी आणि बीसीपी अशा दोन पद्धती आहेत. नेफ्रॉटिक रुग्णांत बीसीजीचा आकडा दर डेसिलिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास जास्त दिसू शकतो. प्रयोगशाळा बदलल्यावर अल्ब्युमिन एकदम ‘सुधारले’ तर आधी पद्धत विचारा.

उपचार चालू असताना

अँटी-पीएलए२आर सहसा दर ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा पाहतात. अँटिबॉडी आधी उतरते, लघवीतली प्रथिने त्यानंतर कित्येक महिन्यांनी. अँटिबॉडी घटूनही फेस दिसतोय म्हणून स्वतःहून औषध बंद करू नका किंवा वाढवू नका.

एकाच पायाला अचानक दुखरी सूज, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा कमरेत एका बाजूला तीव्र वेदनेसोबत लालसर लघवी झाली, तर रक्ताची गुठळी असू शकते. मेम्ब्रेनसमध्ये अल्ब्युमिन दर डेसिलिटरला २.५ ग्रॅमच्या खाली असताना हा धोका वाढतो. अशा वेळी रिपोर्टची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.