२५ लाख की १ लाख? बंदुकीच्या वादातला एक आकडा

अमेरिकेत बंदूक नियंत्रणाचा विषय निघाला की एक आकडा हमखास समोर येतो: वर्षाला २५ लाख वेळा सामान्य माणूस बंदुकीच्या धाकाने गुन्हेगाराला पळवून लावतो. गोळी झाडलीच पाहिजे असं नाही, नुसती दाखवली तरी मोजायची. दुसरी बाजू म्हणते, छे, फार तर लाखभर. गंमत म्हणजे दोन्ही आकडे लोकांना विचारूनच काढलेले आहेत.

२५ लाखांचा आकडा गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ या गुन्हेशास्त्रज्ञांचा. १९९३ मध्ये सुमारे ५,००० प्रौढांना फोन करून विचारलं, ‘गेल्या वर्षभरात स्वसंरक्षणासाठी बंदूक वापरलीत का?’ साधारण १.३ टक्के लोक ‘हो’ म्हणाले, म्हणजे ५,०००मध्ये ६५-६६ जण. देशात तेव्हा १९ कोटी प्रौढ होते. त्यांचे १.३ टक्के काढले की झाले २५ लाख. १९९५ मध्ये निबंध छापून आला आणि आकडा भाषणांतून फिरू लागला.

गुणाकार बरोबरच आहे. भानगड त्या ६५ जणांत आहे. समजा, खरं प्रमाण ०.१ टक्का आहे. मग ५,०००मध्ये खरे ‘हो’वाले फक्त ५. उरलेल्या ४,९९५ जणांपैकी १.२ टक्के लोकांनी चुकून, फुशारकीने किंवा तारखेच्या घोळामुळे ‘हो’ म्हटलं, तर खोटे होकार झाले ६०. एकूण ६५! खरा आकडा १ लाख ९० हजार असताना कागदावर २५ लाख उमटतात. आता उलट बाजू पाहा. खऱ्या पाचही जणांनी तोंड मिटून घेतलं तरी बेरीज पाचनेच घटेल. वर जायला मोकळं रान, खाली यायला जागाच नाही. दुर्मीळ आजाराची चाचणी सरसकट सगळ्यांची केली की निरोगी माणसंच जास्त ‘पॉझिटिव्ह’ निघतात, तसंच हे.

तारखेचा घोळ तर आपण रोज करतो. तीन वर्षांपूर्वीची चोरी सांगताना ‘अहो, परवाच तर झाली’ असं म्हणतोच की.

हार्वर्डच्या डेव्हिड हेमेनवे यांनी १९९७ मध्ये हा मुद्दा मांडताना एक भन्नाट दाखला दिला. १९९४च्या एका जनमत चाचणीत १० टक्के अमेरिकनांनी परग्रहावरचं यान पाहिल्याचं सांगितलं होतं आणि त्यातल्या ६ टक्क्यांचा परग्रहवासीयांशी थेट संपर्कही आला होता. त्याच हिशेबाने देशात ११ लाखांहून जास्त माणसं परग्रहवासीयांना भेटून आली म्हणायची.

हेमेनवे यांची दुसरी पडताळणी मला जास्त पटते, कारण ती बाहेरच्या आकड्यांवर टेकते. क्लेक-गर्ट्झ यांच्या उत्तरांनुसार ३४ टक्के प्रसंग घरफोडीचे, म्हणजे सुमारे साडेआठ लाख. त्या काळात वर्षाला ६० लाखांहून कमी घरफोड्या व्हायच्या. घरात नक्की कुणीतरी होतं अशा त्यातल्या १३ लाख. बंदूक असलेली घरं ४२ टक्के, म्हणजे उरल्या साडेपाच लाख. त्यातही बहुतेक वेळा घरातली माणसं झोपलेली. मग साडेआठ लाख घरांत बंदूक उगारली कुणी?

लाखभराचा आकडा सरकारी गुन्हेपीडित सर्वेक्षणातून येतो. तिथे आधी विचारतात, तुमच्यावर गुन्हा घडला का? ‘हो’ म्हणणाऱ्यालाच पुढे विचारतात, तुम्ही काय केलंत? या चाळणीमुळे बहुतेक खोटे होकार दारातच अडतात. शिवाय त्याच घरी दर सहा महिन्यांनी जातात, त्यामुळे जुनी घटना पुन्हा सांगितली तर पकडता येते. क्लेक यांचा आक्षेपही दुर्लक्षण्यासारखा नाही: विचारणारा सरकारी माणूस, नाव-पत्ता त्याच्याकडे आणि बंदुकीचा थेट प्रश्न नाहीच. विनापरवाना बंदूक बाळगणारा त्याला कशाला काही सांगेल? म्हणून हा आकडा थोडा कमी भरत असेल. पण पंचवीसपट?

नियंत्रणवाल्यांचे आकडेही तपासून घ्यावेत. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० जीव गेले. गुन्हेगारीवरच्या चर्चेत ही संख्या अख्खी फेकली जाते, पण त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या आणि खून २०,९५८. आत्महत्या टाळण्यासाठी घरातली बंदूक कुलुपात ठेवणं, संकटात सापडलेल्या माणसाच्या हाती ती लागू न देणं हे उपाय येतात. टोळीयुद्धावर त्यांचा फारसा उपयोग नाही. ‘सामूहिक गोळीबारा’चंही तेच. हल्लेखोर सोडून चार जणांना गोळी लागली की मोजायचं ठरवलं, तर त्याच वर्षी ६०० हून अधिक घटना भरतात. त्यात टोळ्यांची भांडणं आली, घरगुती हत्याही आल्या. एफबीआय मात्र गर्दीच्या ठिकाणी माणसं मारत सुटलेला हल्लेखोर असेल तरच मोजते, मग मेलेले-जखमी कितीही असोत. त्यांच्या यादीत २०२१च्या घटना आहेत ६१.