काही बग सांभाळून ठेवावे लागतात

साध्या ॲपमध्ये बग सापडला की कोड बदलायचा, नवीन व्हर्जन टाकायचं, लोक अपडेट मारतात, विषय संपला. क्रिप्टो वॉलेटचं, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी वापरायच्या ॲपचं, तसं नाहीये. तिथे कधी बग दुरुस्त केल्यामुळेच पैसे गायब झालेले दिसतात, आणि कधी बग दुरुस्त झाला तरी पैशाचा धोका तसाच राहतो.

मुळात वॉलेटमध्ये नाणी नसतातच. नाण्यांचा हिशोब ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक डिजिटल वहीत असतो, वॉलेटकडे असते फक्त प्रायव्हेट की, म्हणजे २५६ बिटचा एक अवाढव्य आकडा, ज्याने सही केली की पैसे हलतात. आकडा ज्याच्या हातात, पैसे त्याचे, मग तक्रार करायला कोणी नाही. हा आकडा माणसाला लिहून ठेवता यावा म्हणून १२ किंवा २४ शब्दांची सीड देतात, २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडलेली, आणि त्या एका सीडमधून गणिताने हव्या तेवढ्या की काढता येतात.

आता गंमत बघा. बिटकोअर नावाची एक जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे, कोपे वॉलेट तिच्यावर चालायचं. सीडमधून की काढताना मधला आकडा नेहमी पूर्ण ३२ बाइटचा, म्हणजे २५६ बिटचा धरायचा असा नियम आहे. पण आकड्याची सुरुवातच शून्य बाइटने झाली तर ही लायब्ररी ते शून्य गाळून टाकायची, जसं आपण ००७ ला नुसतं ७ म्हणतो. आपल्याला दोन्ही सारखेच, पण हॅश फंक्शनला, म्हणजे दिलेल्या आकड्यावरून नवाच आकडा काढणाऱ्या गणिताला, ००७ वेगळं आणि ७ वेगळं, त्यामुळे पुढे निघणारी की पार निराळी. असा शून्यवाला आकडा साधारण २५६ मध्ये एकदा येतो, म्हणजे टेस्टिंगमध्ये सहज निसटणार. आणि बग दिसतही नाही, कारण वॉलेट दरवेळी तीच चूक करतं, पैसे येतात, जातात, सगळं मस्त चालू. तुम्ही तेच १२ शब्द दुसऱ्या वॉलेटमध्ये टाकता तेव्हा कळतं, बॅलन्स शून्य!

मग दुरुस्त करा की! केलं असतं तर अपडेट मारल्यावर त्या लोकांना स्वतःच्याच वॉलेटमध्ये शून्य दिसलं असतं. म्हणून चुकीचं गणित तसंच ठेवलं, त्या फंक्शनचं नाव ठेवलं 'डिराइव्ह नॉन-कम्प्लायंट चाइल्ड', म्हणजे नियमात न बसणारं, आणि कुठलं वॉलेट कुठल्या गणिताने बनलंय याची नोंद ठेवली. मला हे नाव फार आवडतं, इतक्या सरळपणे चूक कबूल करणारा कोड कमी बघायला मिळतो.

(सीड टाकून बॅलन्स शून्य दिसला म्हणजे बगच असेल असंही नाही. प्रत्येक कीचा एक पत्ता असतो, पैसे त्यावर येतात, आणि बरीच वॉलेट असे सलग २० पत्ते रिकामे सापडले की शोध थांबवतात, तुमचे पैसे २५ व्या पत्त्यावर असले तर ते तिथेच असतात, फक्त दिसत नाहीत. घाबरून सीड भलत्याच वेबसाइटवर टाकू नका एवढंच.)

बगची दुसरी जात याहून वाईट, रँडम नंबरची. २०२३ मध्ये 'मिल्क सॅड' प्रकरण उघडकीला आलं, लिबबिटकॉइन एक्सप्लोरर या टूलच्या ३.x व्हर्जनमध्ये सीड बनवताना रँडमपणा फक्त ३२ बिटचा होता. शब्द २४ दिसतात, छान वाटतं, पण खऱ्या शक्यता जेमतेम ४२९ कोटी, आणि कॉम्प्युटरला त्या एकेक करून तपासायला फार तर काही दिवस लागतात. (मिल्क आणि सॅड हे दोन शब्द, टूलच्या घड्याळाची वेळ शून्य धरली की जी सीड निघते तिचे पहिले दोन.) इथे कोड दुरुस्त करून फायदा फक्त उद्याच्या सीडला. कालची सीड कच्ची ती कच्चीच, अपडेट तिला हात लावू शकत नाही, नवीन वॉलेट बनवून स्वतःच स्वतःला पैसे पाठवणं हाच इलाज.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइडवर हेच झालं होतं. तिथे सही करताना लागणारा एकदाच वापरायचा रँडम आकडा कधीकधी रिपीट व्हायचा, आणि एकाच कीच्या दोन सह्यांत तो सारखा आला की शाळेतली दोन समीकरणं दोन अज्ञातं, की बाहेर! त्यानंतर बऱ्याच वॉलेटनी तो आकडा नशिबावर सोडणं बंद केलं, की आणि मेसेज यांच्यावरूनच तो गणिताने काढायला लागले.

आणि दुरुस्ती तयार असली तरी ती लोकांपर्यंत पोचायला तर हवी. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम वॉलेटमध्ये सर्व्हरकडून आलेला एरर मेसेज जसाच्या तसा लिंकसकट दिसायचा, चोरांनी आपले सर्व्हर उभे करून त्यातून 'इथून अपडेट करा' असं सांगत नकली वॉलेट वाटलं. डेव्हलपरनी ते बंद केलं, पण जुनं व्हर्जन वापरणारे काही हलेनात. शेवटी मार्च २०१९ मध्ये त्यांनी ३.३ च्या आधीच्या व्हर्जनमधला आणखी एक बग शोधून स्वतःच वापरला, ती जुनी वॉलेट मुद्दाम बंद पाडली, म्हणजे लोकांना अपडेट केल्याशिवाय गत्यंतरच उरलं नाही.