मुरमांवर लिंबू: झोंबतं म्हणजे लागू पडतं असं नाही

‘लिंबाची फोड चोळ, आंबटपणाने जंतू मरतात’ हा सल्ला घरोघरी मिळतो. रस लावल्यावर चेहरा चरचरतो आणि औषध लागू पडलं असं वाटतं. खरं तर तिथे कातडी पोळत असते. त्वचेचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५, लिंबाच्या रसाचा २ ते २.५, म्हणजे आम्लता शेकडो पट.

मुरूम मळाने होत नाही. केसाच्या मुळाशी तेल आणि मेलेल्या पेशींचं बूच बसतं, आत जंतू वाढतात. रस तिथवर पोचतच नाही.

सालीतल्या फ्युरोकुमारिन या रसायनाचं दुखणं वेगळंच, ते उन्हात त्वचेला पोळवतं. लिंबू चोळून उन्हात गेलं की एक-दोन दिवसांत लाली येते, कधी फोड उठतात आणि मागे तपकिरी डाग राहतो. सावळ्या वर्णावर तो महिनोन्‌महिने हटत नाही. लिंबाऐवजी खायचा सोडा लावाल तर तो उलट टोकाचा, पीएच ८ च्या वर. त्याने त्वचा कोरडी पडून तडतडते.

घरगुतीच हवं तर टी ट्री तेल (टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल), पण ५ टक्क्यांच्या जेलमध्ये. १९९० च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ते बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या औषधापेक्षा सावकाश, तरी उपयोगी ठरलं. बाटलीतलं निव्वळ तेल लावू नका, भाजतं.

बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के: रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, फक्त पुळीवर नव्हे तर मुरमं येणाऱ्या सगळ्या भागावर. सुरुवातीचे दोन आठवडे एक दिवसाआड. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. उशीचा अभ्रा पांढराच घ्या, रंगीत असेल तर या औषधाने विटेल.