नदीकाठी झाडं लावली की नदी बारमाही होते?

पाऊस जवळ आला की हा मेसेज फिरतोच, नदीकाठी झाडं लावा, नदी परत बारमाही होईल. झाडं लावाच, पण नुसत्या काठावरच्या झाडांनी नदी वाहत नाही हो, झाड स्वतःही जमिनीतलं पाणी ओढतं, निलगिरी तर भरपूरच. उन्हाळ्यात नदीला जे पाणी दिसतं ते पावसाळ्यात वरच्या डोंगरात मुरलेलं असतं, म्हणून काम माथ्यापासून सुरू करायचं.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. १९९० नंतर तिथले तेव्हाचे सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने श्रमदान आणि सरकारी योजना, दोन्हींच्या जोरावर डोंगरउतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले लांब खड्डे, खोदले गेले. चरातली माती खालच्या बाजूला बांधासारखी टाकतात, पळतं पाणी तिथे थांबतं, मुरतं आणि त्या ओलीवर रोप जगतं. जोडीला कुऱ्हाडबंदी, म्हणजे झाडं तोडायची नाहीत, आणि चराईबंदी, म्हणजे गवत विळ्याने कापून न्यायचं, गुरं मोकळी सोडायची नाहीत. आणि सगळ्यात अवघड काम, शेतीला बोअरवेल नाही, पावसाचा हिशोब मांडून पिकं ठरवायची. मेसेजमध्ये हे कुठेच नसतं!

तुमच्याकडे वृक्षारोपण असेल तर आधी एवढं विचारा, वर चर झालेत का, चराई कोण थांबवणार आणि पहिले दोन-तीन उन्हाळे रोपांना पाणी कोण घालणार.