१ जानेवारीला जीएनयूच्या फायलींमध्ये काय बदलतं?

जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात नव्या वर्षाची पहिली नोंद बहुधा अगदी कंटाळवाणी असते. जीएनयूलिब, कोअरयुटिल्स, जीडीबी या त्याच्या सॉफ्टवेअरच्या बहुतेक फायलींच्या डोक्यावर ‘कॉपीराइट १९९२-२०२३’ अशा धर्तीची ओळ असते. तिथला शेवटचा आकडा एकाने पुढे सरकतो, एवढंच. इतक्या फायली हाताने कोण बदलणार? त्यासाठी खास स्क्रिप्ट आहे. ती एकेक फाईल उघडते, ओळ हुडकते आणि साल बदलते.

वर्षभरात कुणी हातही न लावलेल्या फायलींमध्येसुद्धा? हो. कुठल्या फायलीत काय बदललं याचा हिशेब ठेवत बसू नका, सगळीकडे एकदाच साल घाला आणि वर्षभर मोकळे व्हा, असं जीएनयूची देखभाल-पुस्तिकाच सांगते.

कायद्याला याची फारशी गरज नाही. बर्न करार या कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉपीराइट सूचना न लिहिताही मिळतो, आणि अमेरिकाही १९८९मध्ये त्या करारात आली. इंटरनेटवरून फायली आणणाऱ्या कर्ल या प्रोग्रामच्या प्रकल्पाने तर २०२३मध्ये फायलींमधली सालं काढूनच टाकली. मला विचाराल तर तेच बरं.

पण एका फायलीच्या तारखेकडे काणाडोळा करून चालत नाही. ती म्हणजे कॉन्फिग.गेस. मूळ कोडपासून प्रोग्राम बांधायला घेतला की आपण कुठल्या यंत्रावर आहोत हे ही स्क्रिप्ट ओळखते. ‘युनेम’ आज्ञेकडून प्रोसेसर आणि प्रणालीची नावं घ्यायची आणि आपल्या लांबलचक यादीशी ताडून पाहायची, ही तिची रीत. त्या यादीत क्रे महासंगणक आहेत, व्हॅक्स आणि अमिगा हे जुने संगणकसुद्धा आहेत. पण स्क्रिप्ट लिहिल्यानंतर जन्मलेलं यंत्र त्यात कुठून असणार?

नेमकी तिथेच गाडी अडते, कारण ही स्क्रिप्ट वापरणारं प्रत्येक पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा, या फायलीची स्वतःची प्रत बाळगून असतं. प्रोसेसरची रचना करणाऱ्या आर्म कंपनीने ६४ बिटांची रचना २०११मध्ये जाहीर केली. पुढे तशी यंत्रं हाती आली, तेव्हा कितीतरी जुनी पॅकेजेस त्यांच्यावर बांधली जाईनात. मूळ कोडमध्ये खोट नसायची, जुनी कॉन्फिग.गेस यंत्राला ओळखायची नाही आणि काम सुरू होण्याआधीच हात टेकायची. डेबियन या लिनक्स वितरणाने यावर सरळ तोडगा काढला: पॅकेज बांधताना आतली जुनी प्रत बाजूला सारून ताजी बसवायची.

कॉन्फिग.गेसच्या सुरुवातीलाच तिची तारीख लिहिलेली असते. यंत्र ओळखता आलं नाही, तर ती स्वतःच सांगते की मी जुनी असेन, तर माझ्या आणि माझ्या जोडीच्या कॉन्फिग.सब या फायलीच्या सगळ्या प्रती नव्या आणून बसवा. त्या कुठून आणायच्या, तो पत्ताही खालीच छापते.