खुलासा : प्लास्टिकमधला फिलर म्हणजे भेसळ नव्हे

‘प्लास्टिकचा तुकडा पाण्यात बुडाला तर मालात दगडाची भुकटी आहे, म्हणजे भेसळ.’ नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या मोल्डिंगवाल्यांना, म्हणजे साच्यात प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्यांना, हे वर्षानुवर्षे ऐकावे लागते. यातला पहिला अर्धा भाग बऱ्याचदा खरा असतो, निष्कर्ष मात्र चुकीचा. ही भुकटी म्हणजे फिलर, प्लास्टिकमध्ये मुद्दाम मिसळलेली खनिजाची पूड.

पॉलिप्रॉपिलीन हे नेहमीच्या वापरातले प्लास्टिक. पाण्याची घनता १ धरली तर शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची सुमारे ०.९, म्हणून ते तरंगते. टाल्क या मऊ खनिजाची घनता सुमारे २.७. वजनाने २० टक्के टाल्क घातला की मिश्रणाची घनता १.०४ च्या आसपास जाते आणि तुकडा बुडतो. पण गाड्यांचे डॅशबोर्ड आणि बंपर मुद्दाम अशाच मालाचे बनवतात. टाल्कचे कण चपटे असतात. त्यामुळे भाग ताठ राहतो, उन्हात लवकर वाकत नाही, आणि साच्यातून निघाल्यावर कमी आकसतो. जिथे मापे जुळलीच पाहिजेत तिथे फिलर नसलेला प्लास्टिकचा शुद्ध दाणा उलट त्रास देतो.

‘स्वस्तासाठीच घालतात’ हेही अर्धवट. वजनाने २० टक्के टाल्क आकारमानाने जेमतेम ८ टक्के जागा घेतो. साचा भरतो तो आकारमानाने, त्यामुळे नग जड होतो आणि वाटते तेवढी बचत होत नाही.

फसवणूक होतच नाही असे नाही. कॅल्शियम कार्बोनेट (चुनखडीची पूड, हाही फिलरच) बेसुमार घातले, ते नीट मिसळले नाही, की खुर्चीचा पाय तडकतो. आणि किलोवर विकल्या जाणाऱ्या मालात गिऱ्हाईक दगडाचे पैसे मोजतो. म्हणून बुडते का हे पाहण्यापेक्षा पुरवठादाराकडे फिलरचे प्रमाण लेखी मागा. नमुना भट्टीत जाळून उरलेली राख मोजली की ते पडताळता येते.