‘न्यूज’ चार दिशांमधून आलेला नाही

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे एक माहिती फिरते: नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं जोडून ‘न्यूज’ शब्द बनला. हे साफ खोटं आहे.

‘न्यू’ या विशेषणाला अनेकवचनाचा ‘एस’ लागला, बस्स. मूळ अर्थ ‘नव्या गोष्टी’. बातमी या अर्थाने तो १५व्या शतकात रुळला. फ्रेंचमधला ‘नूव्हेल’ही असाच घडलेला. जुन्या इंग्रजी लेखनात ‘न्यूज’चं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही सापडतं. आता त्या जादा ‘ई’साठी पाचवी दिशा कुठून आणायची?

अनेकवचनाची खूण बराच काळ टिकली. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘धिस न्यूज’ आहे, तसंच ‘धीज न्यूज’ही. आज क्रियापद एकवचनी, म्हणजे ‘न्यूज इज’. ‘एस’ मात्र तसाच राहिला.

आद्याक्षरांतून सलग उच्चारायचा शब्द घडवण्याची पद्धत इंग्रजीत फोफावली ती २०व्या शतकात. ‘रडार’ खरोखरच तसा बनलेला आहे, पण तो १९४०च्या सुमाराचा. शिवाय इंग्रजीत दिशांचा रूढ क्रम नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट असा आहे. शब्द जुळावा म्हणून या गोष्टीत तोही फिरवलेला दिसतो.